फुंकर आणि पहारेकरी

नाटकाचं परीक्षण नाटक पाहून लिहावं असा एक संकेत आहे. सगळे समीक्षक तो पाळतातच असं नाही, पण आहे. मी मात्र आज ज्याचा पडदाच वर जात नाही अशा एका प्रयोगाचं परीक्षण करणार आहे. प्रयोगाचं नाव निन्टेन्डो एन्टरटेनमेन्ट सिस्टीम, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र. अमेरिकेत ते १९८५ साली आलं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९८३ मध्ये, हेच पात्र जपानात 'फॅमिकॉम' या नावाने रंगमंचावर आलं होतं.

मधल्या काळात अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार साफ बसला होता. सुमार खेळांचा सुकाळ झाला, माल पडून राहिला आणि दुकानदार 'व्हिडिओ गेम' हा शब्द ऐकला की उधारीवाला दिसल्यासारखे तोंड फिरवू लागले. तेव्हा कंपनीने वेषांतर केलं. जपानी यंत्रात कॅसेट वरून सरळ खुपसायची. अमेरिकन यंत्र मात्र व्हीसीआरसारखं दिसलं पाहिजे! म्हणून समोर झाकण, कॅसेट आडवी आत सारायची आणि मग खाली दाबायची. दुकानदार फसला, गिऱ्हाईक खूश झालं. आतल्या ७२ पिनांना मात्र कोणी विचारलं नाही. दर वेळी दाबून दाबून त्या बिचाऱ्या सैल पडल्या. त्यात धूळ. मग बटण दाबलं की लाल दिवा लुकलुकायचा, पडदा कोरा आणि पोरगं रडवेलं.

दिवा लुकलुकतो का, हे कळलं तेव्हा मला आमच्या शाखेची आठवण झाली. यंत्रात एक पहारेकरी चिप बसवली आहे आणि तिची जुळी बहीण प्रत्येक अधिकृत कॅसेटमध्ये. यंत्र सुरू झालं की दोघी एकमेकींशी ठरलेल्या सांकेतिक भाषेत बोलतात. ७२ पैकी चार पिना निव्वळ या गप्पांसाठी राखीव. शब्दाला शब्द जुळला तर खेळ सुरू. नाही जुळला, तर पहारेकरी यंत्राला पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. सेकंदाला साधारण एकदा. कोणी प्लग काढेपर्यंत.

माझा आक्षेप इथेच आहे. पहारा बसवला तो परवान्याशिवाय खेळ विकणाऱ्यांना अडवायला. पण या पहारेकऱ्याला चोर आणि धूळ यांतला फरक कळत नाही. दोघांनाही एकच शिक्षा. आमच्याकडे ऐंशीच्या घरातले पेन्शनर येतात. नमुना सही १९७४ सालची, ठसठशीत. आताची सही म्हणजे पावसात भिजलेली मुंगी चालून गेल्यासारखी. कार्ड म्हणतं, जुळत नाही. पण काउंटरवर माणूस बसलेला असतो. "काका, बसा. पाणी घ्या. आता सावकाश करा सही," एवढं म्हणायची सोय असते. त्या यंत्रात पहारेकरी आहे, काउंटर नाही.

बरं, खरे चोर अडले का? एका कंपनीने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात खोटं कारण सांगून त्या सांकेतिक भाषेची प्रत मिळवली आणि स्वतःची चिप बनवली. १९९२ मध्ये कोर्टाने कान उपटले, पण तोवर खेळ विकून झाले होते. आणखी काही बहाद्दरांनी पहारेकऱ्याला विजेचा झटका देऊन गप्प केलं. म्हणजे चोर आत, आणि पैसे मोजून कॅसेट घेतलेलं पोर बाहेर.

त्या पोराने मग उपाय शोधला. कॅसेट काढायची, तोंडाजवळ धरून फुंकायचं आणि परत घालायची. चालायचं! खरं काम व्हायचं ते काढून घालण्यामुळे, कारण पिना नव्याने टेकायच्या. श्रेय मात्र फुंकरीला. उलट फुंकरीतली वाफ धातूला गंज चढवते. कंपनीनेही 'फुंकू नका' असं पुढे बजावलं. पण ज्याच्या डोळ्यांदेखत चमत्कार घडलाय त्याला सूचनापत्रक दाखवून काय उपयोग?

आपल्याकडे १९९०च्या दशकात घरोघरी आलेली यंत्रं बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या. कॅसेट वरून घालायची, पिना ६०, पहारेकरी नाही. वेष्टनावर हजारो खेळ, मोजले तर पाच-सहा. तरी फुंकत आपणही होतोच. फरक एवढाच की आपलं यंत्र आपल्याला चोर समजत नव्हतं.

ज्यांच्याकडे ते मूळ खोकं अजून आहे त्यांच्यासाठी दुरुस्तीचा क्रम सांगतो. आधी कॅसेटची धातूची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. न भागल्यास आतला पिनांचा जोड काढून साफ करा. काही लोक तो पाण्यात चक्क उकळतात आणि खडखडीत वाळवून परत बसवतात. नवा जोडही मिळतो, पण तो कधी कधी कॅसेट अशी धरतो की सोडतच नाही. शेवटचा उपाय म्हणजे पहारेकरी चिपची चौथी पिन कापणे. मग लुकलुक कायमची थांबते. मात्र धूळ तशीच असेल तर चित्राऐवजी गिचमीड दिसेल. पहारेकऱ्याला सुट्टी दिली म्हणून झाडलोट आपोआप होत नाही.

१९९३ मध्ये कंपनीने नवी आवृत्ती काढली. कॅसेट वरून घालायची, पहारेकरी गायब. याहून स्वच्छ कबुलीजबाब कुठल्या कंपनीकडून मिळणार?

तेव्हा निकाल असा. संगीत उत्तम, खेळ अप्रतिम, द्वारपाल अडाणी. दिवा लुकलुकला तर आधी पुसावं, मग संशय घ्यावा. हे वाक्य आमच्या शाखेच्या फळ्यावर लिहायचंही ठरलं होतं. पण त्याखाली सही कोणाची हवी, यावर अडलंय.