बाटलीवरील भित्तिचित्रे
इटलीतील प्रबोधनकालीन भित्तिचित्रांचे तुकडे मोजक्या संख्येने काढलेल्या द्राक्षमद्याच्या बाटल्यांवर छापण्याची एक रीत पडली आहे. चित्र मद्याच्या संगतीस गेले म्हणून नाक मुरडणारांपैकी आम्ही नव्हे. जळगाव-धुळ्याकडील वाचकांस अजिंठ्याचे पहिले लेणे परके नाही. तेथील छतावर परदेशी वेषाचा एक पुरुष हाती पेला घेऊन खुशाल बसला आहे, आणि खाली भिंतीवरील पद्मपाणीच्या शांतीस त्याने यत्किंचितही बाधा येत नाही; कारण छताच्या चौकटींत त्यास त्याची जागा मिळाली आहे!

आमची तक्रार निराळी आहे. मायकेल अँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात सिस्टाइन मंदिराचे छत रंगविले, ते ओल्या चुन्यावर. रंग गिलाव्यातच मुरला. अजिंठ्याचा चितारी सुक्या गिलाव्यावर काम करी, तरी भिंतीचा विस्तार त्याच्याही मनात होता. अशा चित्रातील आदमाची नि ईश्वराची बोटे तेवढी कापून चार बोटे रुंदीच्या कागदावर डकविली, की उरते ती केवळ ओळखीची खूण. फ्रान्समधील मूतों रोत्शिल्ड हे घराणे १९४५ पासून बहुधा दरसाल नव्या कलावंताकडून लेबलासाठीच चित्र घेत आले आहे. ही रीत आम्हांस अधिक सचोटीची वाटते. तेथे आपला कागद केवढा, हे चित्रकारास आधीच ठाऊक असते.