साधनवर्णनातील संदिग्धता : 'कर्जत'च्या निमित्ताने

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मांडलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल'मध्ये साधनाचे नाव व इनपुटचा आराखडा अनिवार्य आहे. वर्णन मात्र ऐच्छिक. वस्तुतः कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटला अर्थ उमगतो तो मुख्यतः वर्णनातूनच. कर्जत तालुका रायगडात आहे, तसाच अहिल्यानगर जिल्ह्यातही. पर्जन्यमान सांगणाऱ्या साधनाच्या वर्णनात केवळ 'तालुक्याचे नाव द्यावे' एवढेच असल्यास घाटपायथ्याच्या कर्जतऐवजी अवर्षणप्रवण कर्जतचे आकडे मिळू शकतात, आणि तेही बिनचूक भासणारे. कचेरीतील लिपिक निदान 'कोणते कर्जत?' असे विचारतो. शेजारच्या खालापूरवर चाचणी घेतली, तर हा दोष दिसतही नाही. म्हणून वर्णनात जिल्ह्याचा निर्देश अनिवार्य असावा. जुन्या नोंदींत 'अहमदनगर' आढळेल, हेही तेथेच लिहावे.