‘पिढ्यान्‌पिढ्या’ : चपलेच्या पानावरचा एक शब्द

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने विचारलं, “तू कोल्हापूरकडचा ना? खरी कोल्हापुरी ऑनलाइन कुठे मिळेल? पण कारागिराला नीट पैसे जातील अशी साइट सांग.” मी म्हणालो, रात्री लिंक पाठवतो. त्या रात्री पाठवली नाही. पुढचे पंधरा दिवसही नाही. कारण लिंक शोधता शोधता मी चपला बघायचं सोडून चपलांखालचा मजकूर वाचत बसलो.

हा लेख त्या मजकुराबद्दल आहे. आपल्याकडे कथा-कवितांची समीक्षा होते, सिनेमाची होते, अलीकडे वेबसिरीजचीही होते. वस्तूच्या फोटोखालच्या दहा ओळींची होत नाही. पण माझ्या वयाची माणसं कवितेपेक्षा हे लेखन कितीतरी जास्त वाचतात, आणि वाचून लगेच खिशात हात घालतात. एवढा परिणाम करणारं लेखन नीट वाचायला नको का?

आधी दोन गोष्टी सांगून टाकतो. एक, माझ्या आईचे वडील कागल तालुक्यात चपला करायचे आणि मामा आजही करतो. दोन, इंजिनिअरिंग झाल्यावर माझी पहिली नोकरी एका ऑनलाइन दुकानाच्या कॅटलॉग टीममध्ये होती. विक्रेता ज्या फॉर्ममध्ये वस्तूची माहिती भरतो, तो फॉर्म आम्ही बनवायचो. त्यात ‘कारागिराची गोष्ट’ असा एक रकाना होता. त्याचा कोड माझा. तेव्हा मी तटस्थ समीक्षक वगैरे नाही.

आता मजकूर. तो बहुतेक वेळा इंग्रजीत असतो, पण मराठीत असला तरी घाट तोच. चप्पल ‘हाताने बनवली जाते’. कातडं ‘नैसर्गिक पद्धतीने कमावलं जातं’. कला ‘जपली जाते’. शाळेत आपण कर्मणी प्रयोग शिकलो, त्याचा एवढा सढळ वापर सरकारी परिपत्रकातही नसेल. वाक्यात चप्पल आहे, कातडं आहे, कला आहे. करणारा माणूस नाही. तो आलाच तर ‘आमचे कारागीर’ म्हणून येतो, अनेकवचनात आणि ‘आमचे’ या मालकीच्या शब्दासकट. फोटोतही बऱ्याचदा नुसते हात असतात, वर चेहरा नसतो.

कोल्हापुरी घडते कशी ते बघितलं, तर या वाक्यांतून किती माणसं गळतात ते कळतं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावणारा एक. तळ कापणारा, टाच बसवणारा, चामड्याच्या वादीने शिवणारा दुसरा. पट्ट्यावरची वेणी विणणारी, गोंडा लावणारी बहुतेक वेळा घरातली बाई. माझ्या आजोळी आज्जी वेणी विणायची, आता मामी विणते. बाजारात नाव आजोबांचं होतं, आता मामाचं आहे. वेबसाइटवर तर दोघांचंही नाही, मग आज्जीचं कुठून येणार?

या मजकुरातला सगळ्यात लाडका शब्द म्हणजे ‘पिढ्यान्‌पिढ्या’. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कला. वाचायला छान वाटतं, आजोबांच्या मांडीवर बसून नातू काहीतरी शिकतोय असं चित्र डोळ्यांसमोर येतं. पण हे काम पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरांत का राहिलं? कारण ते जातीने वाटून दिलं होतं. कातडं कमावणं एका जातीकडे, चपला शिवणं दुसऱ्या जातीकडे, आणि त्या चपला घालून देवळात जाणं तिसऱ्याकडे. ‘पिढ्यान्‌पिढ्या’ हा शब्द जातीचं काम करतो आणि जातीचं नाव घेत नाही. गंमत बघा, महाराष्ट्र सरकारच्या महामंडळाचं नावच ‘संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ’ आहे. सरकारी पाटीवर जो शब्द सरळ लिहिलाय, तो दुकानाच्या पानावर ‘वारसा’ होऊन येतो. वारसा म्हटलं की आपल्याला घर, शेत, दागिने आठवतात. माझ्या आजोबांना वारशात रापी आणि उधारी मिळाली.

जून २०२५ मध्ये मिलानमधल्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीच्या मॉडेल्सच्या पायात कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, तेव्हा आपण सगळे भडकलो होतो. वर्णनात ‘चामडी सँडल’ एवढंच होतं, कोल्हापूरचं नाव नव्हतं. पुढे महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या पत्रानंतर कंपनीने या चपलांमागची प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य केलं. माझ्याही स्टेटसला तेव्हा रागाची पोस्ट होती. राग चुकीचा नव्हता. पण त्या आठवड्यात मामाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “नाव लावल्यालं बी लई हाईत की रं. त्यांनी काय दिलं?”

मला उत्तर सुचलं नाही, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं. नाव लावणं आणि दाम देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हस्तकलेची ऑनलाइन पानं पहिली गोष्ट दाखवून दुसरी झाकतात. ती पानं पूर्ण खोटी असतात असं नाही. पण आपण एक प्रश्न विचारतो आणि पान दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतं.

शिक्क्यांचंही तसंच आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. ते आठ जिल्ह्यांना मिळून आहे : आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. त्यामुळे अथणीत शिवलेली चप्पलही अस्सल कोल्हापुरीच, उगाच नाक मुरडायचं कारण नाही. पण जीआय सांगतं ते वस्तू कुठली आणि कशी बनलेली. शिवणाऱ्याला काय मिळालं, हे सांगणं त्याचं कामच नाही. सिल्क मार्क सांगतो की रेशीम खरं आहे, पैठणी विणणाऱ्याची मजुरी सांगत नाही. क्राफ्टमार्क सांगतो की वस्तू खरोखर हस्तकलेची आहे. हे सगळे शिक्के उपयोगी आहेत. फक्त ‘अस्सल’ वाचून आपण मनातल्या मनात ‘न्याय्य’ असं भाषांतर करतो, ते आपलं चुकतं.

दामाबद्दल बोलणारा शब्द आहे ‘फेअर ट्रेड’. त्यातही दोन प्रकार आहेत. कॉफी, चहा, कापूस अशा मालावर दिसणारा ‘फेअरट्रेड’चा शिक्का त्या मालाला मिळतो. हस्तकलेत जास्त कामाची आहे वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन. ती एखाद्या वस्तूकडे बघत नाही, अख्ख्या संस्थेचा व्यवहार तपासते आणि त्यासाठी तिची दहा तत्त्वं आहेत. त्यातलं एक वाचून मी थांबलो. हस्तकलेच्या ऑर्डरवर कारागिरांनी मागितली तर किमान ५० टक्के रक्कम आगाऊ द्यायची, तीही बिनव्याजी.

हे तत्त्व कोणीतरी कारागिराच्या घरात बसून लिहिलं असावं असं मला वाटलं. कारण मामाची अडचण दरापेक्षा तारखेची जास्त असते. कातडं रोखीने आणायचं आणि चपलांचे पैसे व्यापारी देईल तेव्हा. एकदा एका ऑनलाइन विक्रेत्याने त्याच्याकडून साठ जोड नेले आणि पैसे चौथ्या महिन्यात दिले, तेही ‘परत आलेला माल’ वजा करून. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत, असा २००६ चा कायदा आहे. मी मामाला तो मोठ्या उत्साहाने समजावून सांगितला. त्याने विचारलं, “तुझा पगार कवा हुतो?” म्हटलं, एक तारखेला. “त्यासाठी तू कायदा दाखवतोस व्हय?”

आता त्या ‘परत आलेल्या माला’बद्दल. इथे माझा जुना कोड येतो. आमच्या फॉर्ममध्ये रंग, माप, वजन, पट्ट्याचा प्रकार असे चाळीसेक रकाने होते. गोष्टीचा रकाना भरला की विक्री वाढते, असं मीटिंगमध्ये सांगितलं जायचं. मजुरीचा रकाना नव्हता. पैसे किती दिवसांत दिले, याचाही नव्हता. कोणी मुद्दाम गाळले असं नाही, ते कोणाला सुचलेच नाहीत. चपला करणाऱ्याच्या नातवालाही सुचले नाहीत, ही गोष्ट मला अजून खाते. वस्तू परत आली की तिचे पैसे विक्रेत्याच्या खात्यातून आपोआप वळते व्हायचे, तो कोड मात्र आम्ही फार काळजीने तपासला होता.

आणि कोल्हापुरी परत येतेच. कारण नवी कोल्हापुरी चावते. तिचं कातडं कडक असतं. थोडं तेल लावून, रोज तासभर घालून ती पायाला सरावते. हे कोल्हापुरात पोराटोरांना माहीत असतं, पानावर मात्र सहसा लिहिलेलं नसतं. वारशावर सहा ओळी, चावण्यावर एकही नाही. मग पुण्या-बंगळुरूचा ग्राहक दुसऱ्या दिवशी ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ हे कारण निवडतो आणि मोकळा होतो. दोन जोडांच्या रंगात फरक दिसला तरी तेच. हाताचं काम हवं म्हणून जास्त पैसे दिले, आणि हाताच्या कामाची खूण दिसली म्हणून परत केलं. तो भुर्दंड शेवटी कोणावर पडतो, ते वर आलंच आहे.

या पानांची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. ती नव्हती तेव्हा सगळं छान होतं असं अजिबात नाही. आजोबा ज्या दुकानदाराला माल द्यायचे तो काही गोष्ट लिहायचा नाही, पण दरही पाडूनच घ्यायचा. आज एखादा तरुण कारागीर इन्स्टाग्रामवर स्वतःचं दुकान टाकतो आणि नाशिकच्या ग्राहकाला थेट माल पाठवतो, हे त्याच गोष्टींमुळे शक्य झालंय. हाताने केलेल्या वस्तूला जास्त पैसे द्यावेत, एवढं तरी या मजकुराने आपल्या पिढीला पटवलं. म्हणून ऑनलाइन घेऊच नका, असं मी म्हणत नाही. घेताना समीक्षकासारखं वाचा, एवढंच.

म्हणजे काय करायचं? पानावरच्या प्रत्येक वाक्याला ‘कोणी?’ विचारायचं. गाव, गट किंवा माणसाचं नाव मिळतं का ते बघायचं. ‘ग्रामीण भारतातले कारागीर’ म्हणजे काहीच नाही. मग आकडे शोधायचे : एका जोडाला किती दिवस लागतात, किमतीतला किती भाग करणाऱ्याला जातो, पैसे कधी देतात, आगाऊ देतात का. साइट ‘फेअर ट्रेड’ म्हणत असेल तर कोणाची सदस्य आहे ते विचारायचं आणि त्या संस्थेच्या यादीत नाव तपासायचं. ‘फेअर ट्रेड’ हे नुसतं विशेषण म्हणून कोणालाही लिहिता येतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार मोठ्या साइटवर विक्रेत्याचं नाव-पत्ता असावा लागतो. गोष्ट कागलची आणि विक्रेता भलत्याच शहरातला असेल तर लगेच फसवणूक समजू नका, पण मधे कोण आहे ते विचारा. चॅटवर दोन ओळी टाकायला पैसे पडत नाहीत. उत्तर देणारे देतात. ‘आम्ही कारागिरांना सक्षम करतो’ एवढंच परत आलं, तर तेही एक उत्तरच आहे.

आणि घेतल्यावर आपली बाजूही नीट ठेवायची. माप आधी विचारायचं, पावसात घालायची नाही, आठ दिवस चावलं तर सहन करायचं.

सहकाऱ्याला शेवटी मी लिंक दिलीच नाही, मामाचा नंबर दिला. त्याने कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने आखलं आणि मापाच्या आकड्यांसकट फोटो पाठवला. अर्धे पैसे आधी यूपीआयने टाकले. चप्पल बारा दिवसांनी आली. सगळ्यांना असा मामा नसतो, हे मला माहीत आहे. म्हणूनच पानं सुधारायला हवीत.

तर एक पान मी स्वतः लिहून बघितलं. कातडं कोणाकडचं, तळ कोणी शिवला, वेणी कोणी विणली, किती दिवस, कोणाला किती, अर्धे पैसे कधी मिळाले, पहिले आठ दिवस चावेल. शेवटी सवयीने एक ओळ टाकली होती : पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कला. मामाला व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्याने सावकाश वाचून फोन केला. म्हणाला, “मामीचं नाव घातलंस ते ब्येस केलंस. पण ती शेवटची वळ काढ. माझा पोरगा आयटीआयला हाय. त्यानं काय करायचं ते त्याचं तो ठरवंल.”

मी ओळ काढली.