मानपत्रात न लिहिलेले सामंत

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जवान निवृत्त होऊन आला की मिरवणूक निघते. उघडी जीप, हलगी, फुलं, वेशीपासून घरापर्यंत दारोदारी औक्षण. पुढे कधी तो वारला की चौकात फ्लेक्स लागतो आणि वर्तमानपत्रात चार ओळी येतात. माजी सैनिक, मनमिळाऊ स्वभाव, पश्चात पत्नी, मुलं, सुना, नातवंडं असा परिवार. या चार ओळींबद्दल मला आदर आहे. माणूस कोणाकोणाचा होता हे त्या नीट सांगतात. पण त्याने नोकरीत नेमकं काय केलं, हे त्यांत येत नाही. नौदलातल्या माणसाचं तर नाहीच. आपल्याकडचं पाणी म्हणजे गोदावरी, सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा. समुद्रावरच्या नोकरीबद्दल काय विचारायचं, हेच आपल्याला सुचत नाही.

म्हणून कॅप्टन मोहन नारायणराव सामंत यांचं आयुष्य एखादी कविता वाचावी तसं, थांबून थांबून वाचावंसं वाटतं.

सामंत पाणबुडीवाले. ४ सप्टेंबर १९६९ रोजी सोव्हिएत संघातल्या रिगा बंदरात 'करंज' पाणबुडी भारतीय नौदलात दाखल झाली, तिचे ते पहिले कप्तान. १९७१च्या युद्धासाठी त्यांना महावीर चक्र मिळालं. या पदकाचं मानपत्र वाचलं की डिसेंबरमधली लढाई दिसते: तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातली, आजच्या बांगलादेशातली मोंगला आणि खुलना बंदरं, गनबोटी, वरून होणारा मारा, पाण्यात पडलेल्यांची सुटका. मजकूर चोख आहे, पण त्याआधीच्या सात महिन्यांबद्दल त्यात काही नाही. सामंतांना समजून घ्यायचं तर या न लिहिलेल्या जागेपासूनच सुरुवात करावी लागते.

मार्च १९७१च्या अखेरीस पाकिस्तानची 'मँग्रो' पाणबुडी फ्रान्समधल्या तूलाँ बंदरात होती. तिच्यावरचे काही बंगाली नौसैनिक पळाले आणि त्यांतले आठ जण भारतात पोचले. त्यांना हाताशी धरून भारतीय नौदलाने पश्चिम बंगालमध्ये प्लासीजवळ, भागीरथीच्या काठी, एक गुप्त छावणी उभी केली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या तांड्यांतून निवडलेल्या पोरांना तिथे पाण्याखालच्या लढाईचं शिक्षण दिलं जाई. असे चारशेहून अधिक तरुण तिथे तयार झाले. मोहिमेचं नाव 'ऑपरेशन एक्स' आणि कलकत्त्यातून तिची सूत्रं हलवणारे अधिकारी कमांडर सामंत.

आपल्याकडे पोरं विहिरीत पोहायला शिकतात ती पाठीला रिकामा डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून. ओझं तरंगवणारं असतं, काठावर बाप नाहीतर काका उभा असतो. भागीरथीतल्या पोरांचं ओझं बुडवणारं होतं. लिंपेट सुरुंग गमछाने अंगाशी बांधायचा, काळोखात बंदरापर्यंत पोहत जायचं, बुडी मारून तो जहाजाच्या पोटाला चिकटवायचा आणि तसंच परतायचं. सुरुंगाला पाण्यात विरघळणारं बूच असे. ते विरघळलं की स्फोट. अंतर लांबचं, तिथवर पोचायच्या आधीच बूच विरघळण्याचा धोका. यावर तोड निघाली ती बुचावर कंडोम चढवण्याची. जहाजाजवळ गेल्यावर तो काढून टाकायचा. युद्धाच्या इतिहासात हा तपशील हसण्यावारी नेला जातो, पण मला त्यात काळजी दिसते. पोरगं माघारी यायला हवं असेल तर त्याला किती मिनिटं लागतील, याचा हिशेब कोणीतरी बसून केलेला आहे.

या मोहिमेतली सगळ्यात विलक्षण गोष्ट म्हणजे तिची खूण. चार बंदरांवर एकाच सुमारास घाला घालायचा होता: चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज. तुकड्या विखुरलेल्या, बिनतारी संच बाळगला तर पकडले जाणार. तेव्हा फक्त तुकडीच्या म्होरक्याजवळ एक साधा ट्रान्झिस्टर दिला. आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून पंकज मलिकांच्या आवाजातलं एक गाणं लागलं की तयारीत राहायचं. त्यानंतर दुसरं गाणं लागलं की त्याच रात्री पाण्यात उतरायचं. हे दुसरं गाणं होतं बाहुलीला सासरी धाडण्याचं बालगीत.

इथे वाचणाऱ्याने थांबावं. भातुकलीतलं लग्न, बाहुलीची पाठवणी, त्यातलं लुटुपुटीचं रडणं हे आपल्या घराघरातलं. ते गाणं त्या दिवशी बंगालभर हजारो घरांत ऐकलं गेलं असेल, कोणाच्या मनात शंकाही आली नसेल. मोजक्या म्होरक्यांना मात्र त्यात हुकूम ऐकू आला. घर सोडून आलेल्या पोरांना मरणाच्या दारात पाठवताना पाठवणीचंच गाणं वाजावं, हे कोणी ठरवून केलं की सहज निवडलं गेलं, कसंही असो. करुण आणि वीर हे दोन रस इतके एकजीव झालेले मी दुसरीकडे वाचले नाहीत. ऑगस्टच्या मध्यावर त्या रात्री चारही बंदरांत स्फोट झाले. चितगावला 'अल-अब्बास' आणि 'हॉर्मझ' ही जहाजं बुडाली.

डिसेंबरमध्ये सामंत स्वतः नदीत उतरले. 'पनवेल' ही नौदलाची बोट, आणि तिच्याबरोबर 'पद्मा' व 'पलाश' या, बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीच्या गनबोटी. १० डिसेंबरला खुलन्याजवळ विमानं आली. ती आपलीच, भारतीय हवाई दलाची होती, आणि त्यांनी चुकून या बोटींवर बाँब टाकले. 'पद्मा' आणि 'पलाश' गेल्या. 'पलाश'वरचे इंजिनघरातले कारागीर रुहुल अमीन त्याच दिवशी मारले गेले. बांगलादेशाने त्यांना बीरश्रेष्ठ हा सर्वोच्च सन्मान दिला. सामंतांनी 'पनवेल' हाती ठेवून पाण्यातले जखमी वर काढले.

मानपत्रातली शौर्याची वाक्यं मी बाजूला ठेवतो आणि या एका कृतीपाशी थांबतो. आपल्याच माणसांचा मारा अंगावर आला असताना अधिकाऱ्याचा संताप व्हावा, धीर सुटावा, बोट वळवून तो निघून जावा, हे सगळं समजण्यासारखं होतं. सामंत माणसं गोळा करत राहिले. जी पोरं त्यांनी बाहुलीच्या गाण्यावर पाण्यात पाठवली होती, त्यांचेच भाऊबंद ते आता पाण्यातून काढत होते. कुटुंबवत्सल हा शब्द निधनवार्तेत आपण सढळ हाताने वापरतो. माझ्या मते तो इथे तंतोतंत बसतो.

मोहीम पुढे कित्येक वर्षं गुप्त राहिली. अशा कामावर गेलेल्याच्या घरी पदक येतं, हकीकत येत नाही. सामंतांनी ती अखेर लिहिली. पत्रकार संदीप उन्नीथन यांच्यासह त्यांचं 'ऑपरेशन एक्स' हे इंग्रजी पुस्तक २०१९ साली प्रसिद्ध झालं. सामंत २० मार्च २०१९ रोजी गेले. सगळी हकीकत वाचकांच्या हाती पडायला अठ्ठेचाळीस वर्षं लागली.

तुमच्या गावात, तालुक्याला, नात्यात नौदलातून निवृत्त झालेलं कोणी असेल, तर मिरवणुकीच्या दिवशी नव्हे, एखाद्या साध्या दुपारी वही घेऊन त्यांच्या ओसरीवर जा. पदकाबद्दल विचारू नका. ज्या महिन्यांत घरी पत्र आलं नव्हतं, त्या महिन्यांबद्दल विचारा, आणि सांगतील ते लिहून घ्या.