सोन्यातली घट

बँकेत सोनेतारणाच्या टेबलावर बसणाऱ्याला एक खोड जडते. बांगडी कितीही देखणी असो, तो आधी विचारतो, घट किती धरायची?

माझा भाचा डेन्व्हरला असतो. तिथला फुटबॉल मुख्यतः हातानं खेळतात. त्यात चेंडू कुणाकडे फेकायचा हे क्वार्टरबॅक नावाचा गृहस्थ ठरवतो. हरल्यावर शिव्या कुणी खायच्या, हे मात्र आधीच ठरलेलं असतं. मार्च 2022 मध्ये डेन्व्हरच्या ब्राँकोज संघानं सिॲटलकडून रसेल विल्सन आणला. वय 33, पाठीशी एक अजिंक्यपद. भाचा फोनवर ओरडला, "मामा, आता आपण जिंकलोच!" मी सवयीनं विचारलं, "दिलं काय?"

दिले तीन खेळाडू, आणि नव्या दमाची पोरं निवडण्याचे पाच हक्क. त्यांतले दोन पहिल्या फेरीचे. म्हणजे पेरणीआधीच बियाणं विकलं! भाजीवाली वर कोथिंबिरीची काडी टाकते, तसा चौथ्या फेरीचा एक हक्क तेवढा परत मिळाला.

हेही एक वेळ चाललं असतं. पण मोसमातला पहिला सामना व्हायच्या आतच त्याला पाच वर्षांचा, साडेचोवीस कोटी डॉलरचा वाढीव करार! अहो, आम्ही साध्या कारकुनालासुद्धा आधी प्रोबेशनवर ठेवतो.

त्या मोसमात 17 पैकी 12 सामने हरले. 2024 च्या मार्चमध्ये त्याला सोडलं, तेव्हा पगारमर्यादेच्या हिशोबात साडेआठ कोटी डॉलर बुडीत खाती पडले. तिकडे सिॲटलनं राखीव जिनो स्मिथला उभं केलं आणि 2022 मध्येच 9 सामने जिंकले.

म्हणून जुना माणूस घेऊच नये का? तसं नाही. 2021 मध्ये लॉस एंजेलिसच्या रॅम्सनी डेट्रॉइटमध्ये बारा मोसम राबलेला मॅथ्यू स्टॅफर्ड आणला. तिथंही पहिल्या फेरीचे दोन हक्क गेलेच. पण पहिल्याच मोसमात अजिंक्यपद आलं. रॅम्सचं कोंदण तयार होतं, फक्त खडा हवा होता. डेन्व्हरनं खडा आधी घेतला आणि मग अंगठी शोधत बसले.

मी स्वतः शेहेचाळिशीचा. जुन्या माणसाला मोल नाही, असं कुठल्या तोंडानं म्हणू? मोल द्यावं, पण ते उद्याच्या कामाचं, कालच्या फोटोचं नव्हे.

परवा हे सगळं साहेबांना सांगून मी सहज विचारलं, "दुसऱ्या शाखेनं मला मागितलं, तर बदल्यात काय घ्याल?"

साहेब म्हणाले, "घेणार असतील, तर वर एक स्टूलही देऊ."



घट जरा जास्तच धरली, असं आपलं मला वाटतं.