नदीचा गाळ आणि कलाकृतीची साक्ष

नदीकाठची माती, गाळ, गोटे, काटक्या यांपासून कलाकृती घडविण्याची प्रवृत्ती १९६० नंतरच्या पाश्चात्त्य भूमिकलेमुळे दृढ झाली. अशा कलेचे मूल्यमापन बहुधा ‘निसर्गाशी तादात्म्य’ या निकषावर होत आले आहे. परंतु ज्या नदीतून द्रव्य उचलले ती नदीच संकटात असेल, तर हा निकष पुरेसा ठरतो काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात रिचर्ड लाँग आणि विभा गल्होत्रा यांच्या कलाकृतींच्या आधारे केला आहे.

ब्रिस्टल येथे १९४५ मध्ये जन्मलेले लाँग महाराष्ट्रातील कलाभ्यासकांना अपरिचित नाहीत. २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्यासमवेत त्यांचे प्रदर्शन झाले होते. एव्हन नदीचा गाळ पाण्यात कालवून ते हातांनी भिंतीवर झपाट्याने लिंपतात. ओघळ व शिंतोडे तसेच ठेवले जातात. त्यामुळे हाताची गती आणि पाण्याचे वाहणे एकाच पृष्ठभागावर उमटते. प्रदर्शनानंतर यांतील अनेक चित्रे नाहीशी होतात. परंतु त्यात हानीची भावना नसते. भरतीबरोबर नदी पुन्हा गाळ आणील, हा विश्वास या कलेचा अव्यक्त आधार होय.

हा आधार न्यूयॉर्कच्या हर्स्ट टॉवरमधील ‘रिव्हरलाइन्स’ (२००६) या भव्य भित्तिचित्रात डळमळीत होतो. त्यात एव्हनबरोबर हडसन नदीचाही गाळ वापरला आहे. हडसनमध्ये १९७७ पर्यंत सुमारे तीस वर्षे कारखान्यांतून पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल ही रसायने सोडली गेली. ती गाळाला चिकटून राहतात आणि माशांच्या शरीरात साठतात. १९८४ मध्ये या नदीचा सुमारे २०० मैलांचा पट्टा अमेरिकी शासनाने विषारी स्थळ म्हणून घोषित केला. वरच्या पात्रातील दूषित गाळ उपसण्याचे काम २००९ ते २०१५ या काळात झाले. चित्र साकारले तेव्हा त्या कामास प्रारंभही झालेला नव्हता. तथापि चित्रात दोन्ही नद्या सारख्याच निरागस दिसतात. लाँग यांचा हेतू निषेधाचा नाही, हे मान्य करूनही एक उणीव नोंदवावी लागते: त्यांच्या चित्रात गाळ लिंपणारा हात दिसतो, गाळ जेथून आला ते पात्र दिसत नाही.

गल्होत्रा यांच्या कलेत हे पात्र मध्यवर्ती आहे. सुमारे १,३७६ किलोमीटर लांबीच्या यमुनेचा दिल्लीतील वजिराबाद ते ओखला हा २२ किलोमीटरचा टप्पा लांबीने दोन टक्क्यांहूनही कमी, पण सर्वाधिक दूषित आहे. वरच्या बंधाऱ्यांवर पाणी वळविले गेल्याने उन्हाळ्यात येथे मुख्यतः नाल्यांचेच पाणी वाहते. १९९३ पासून यमुना कृती योजना राबविली जाऊनही ही स्थिती पालटलेली नाही. येथील गाळ गल्होत्रा यांनी चित्रद्रव्य म्हणून वापरला. ‘मंथन’ (२०१५) या चित्रफितीत पांढरे कापड नदीत घुसळले जाते आणि काळवंडते. समुद्रमंथनाच्या कथेत हलाहलानंतर अमृत येते आणि विष पचविणारा नीलकंठही असतो. येथे दोहोंपैकी काहीच नाही. पुराणकथा अपुरी ठेवल्यामुळेच ती प्रभावी ठरते.

मात्र गल्होत्रा यांच्या सर्वच गाळकृतींना हे यश लाभते असे म्हणता येत नाही. शीर्षक व टिपण बाजूला ठेवले, तर गाळाने माखलेला पृष्ठभाग एक तपकिरी-काळा सुंदर पोत म्हणूनही पाहता येतो. दालनात गाळाला किंमत येते आणि दुर्गंधी नदीवरच राहते. ‘मंथन’मध्ये असे घडत नाही, कारण तेथे द्रव्य उचलण्याची कृतीच कलाकृतीचे रूप झाली आहे.

कलेकडून साक्ष मागणे म्हणजे तिला प्रदूषणाचा अहवाल बनविणे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. परंतु साक्ष म्हणजे आकडेवारी नव्हे. काळवंडत जाणारे कापड एकही आकडा न सांगता बोलते. तात्पर्य, केवळ द्रव्य नदीतून आणले म्हणून कलाकृती नदीची होत नाही. ते कोणत्या पात्रातून, कोणत्या अवस्थेत उचलले, हे तिच्या घडणीतच जाणवले पाहिजे. संकटग्रस्त नद्यांच्या काळात तादात्म्याच्या निकषाला ही जोड देणे समीक्षेला आवश्यक आहे.