हुर्योसाठी पंधरा सेकंद

 

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. अमेरिकन कंट्री संगीत. त्यातही गाणाऱ्यांपेक्षा ऐकायला आलेल्यांबद्दल मी जास्त बोलणार आहे. आवडता बँड प्रत्यक्ष ऐकून आलेल्या माणसाला आपण विचारतो, कसं झालं? तो काय सांगतो, आठवून बघा. आधी सांगतो, किती वेळ रांगेत होतो. मग, किती जवळून दिसले. मग कोणतं गाणं झालं आणि कोणतं राहिलं. आणि शेवटी एक वाक्य हमखास येतं, ‘रेकॉर्डवर नाही कळत, तिथे असायला हवं.’

आता समीक्षा करणाऱ्याला या वाक्यापाशी थांबावंच लागतं. तिथे असल्यावर असं काय कळतं? आवाज तर बहुतेक वेळा रेकॉर्डवरच जास्त स्वच्छ असतो. गायकही तिथे चुकतो, धापा टाकतो.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. घरी ऐकणाऱ्या चाहत्याचं मत कुठेच पोहोचत नाही. तो गाण्यावर खूश आहे की नाराज, हे गायकाला कळायची सोय नसते. मग त्याच्या वतीने दुसरंच कोणीतरी बोलतं. रेकॉर्ड कंपनी बोलते, रेडिओ केंद्र बोलतं. सभागृहात मात्र त्याचा आवाज त्याचा स्वतःचा असतो. माझ्या मते प्रत्यक्ष कार्यक्रमाची किंमत इथे आहे. आणि हा आवाज किती सहज दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतो, हेही बघायला पाहिजे. त्यासाठी दोन कार्यक्रम घेऊ, एक 1968 चा आणि एक 2003 चा. दोन्ही ठिकाणी मी अर्थातच हजर नव्हतो. ध्वनिमुद्रणं, माहितीपट आणि त्या काळच्या बातम्या यांच्या आधारानेच बोलतो आहे.

पण आधी थोडी पार्श्वभूमी. कंट्रीचा चाहता हा मुळात रेडिओने घडवलेला माणूस. नॅशव्हिलमधल्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कार्यक्रमाची सुरुवात 1925 साली झाली, ती डब्ल्यूएसएम या रेडिओ केंद्रावर. शनिवारी रात्री शेतावरच्या घरांत लोक तो ऐकायचे. वर्षानुवर्षं ऐकलेले आवाज एकदा डोळ्यांनी बघायचे, म्हणून मग गाडी काढून नॅशव्हिल गाठायचे. 1943 ते 1974 ऑप्री भरायची रायमन सभागृहात. ही इमारत 1892 साली धर्मप्रवचनांसाठी बांधलेली. त्यामुळे खुर्च्या नाहीत, चर्चमधले लाकडी बाक. वातानुकूलन नाही. उन्हाळ्यात हातातल्या पंख्याने वारा घेत लोक बसलेले असायचे.

1974 साली ऑप्री नव्या इमारतीत गेली, तेव्हा रायमनच्या रंगमंचाचा सहा फूट व्यासाचा लाकडी गोल कापून नव्या रंगमंचावर बसवला. मे 2010 च्या पुरात तो रंगमंच पाण्याखाली गेला, पण गोल वाचला आणि दुरुस्त करून पुन्हा जागेवर आला. आजही गायक त्या गोलात उभा राहून गातो. गायकांना त्याचं अप्रूप आहेच, पण मला त्यात चाहत्यांचा हिशेब दिसतो. गाणं हवेतून घरोघर जात होतं, तरी ते कुठल्या तरी जमिनीवर उभं राहून गायलं जातंय, याची खूण लोकांना हवी होती.

आता पहिला कार्यक्रम. 13 जानेवारी 1968, कॅलिफोर्नियातला फोल्सम तुरुंग. जॉनी कॅश आपल्या साथीदारांना घेऊन तिथे गेला आणि कैद्यांच्या जेवणघरात त्या दिवशी दोन कार्यक्रम केले. ‘फोल्सम प्रिझन ब्लूज’ हे गाणं त्याने 1955 सालीच ध्वनिमुद्रित केलेलं होतं. म्हणजे ज्या तुरुंगाचं गाणं, त्याच तुरुंगात ते गायचं. या कार्यक्रमाची रेकॉर्ड त्याच वर्षी निघाली आणि कॅशची घसरलेली कारकीर्द पुन्हा उभी राहिली. लाइव्ह रेकॉर्ड म्हटलं की आजही हिचं नाव पहिल्या काहींत घेतलं जातं.

या गाण्यात एक ओळ आहे, त्यात निवेदक आपण केलेला खून सांगतो. कारण काय, तर माणूस मरताना बघायचा होता. रेकॉर्डवर ही ओळ संपते आणि मागून एक जोरदार आरोळी उठते. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. वाटतं, बघा, हे खरे कैदी, यांना हे गाणं आतून कळतंय. कित्येक जणांनी या रेकॉर्डच्या अस्सलपणाचं कौतुक केलं, त्यात या आरोळीचा वाटा मोठा आहे.

ती आरोळी नंतर घातलेली आहे. ध्वनिसंकलन करताना तिथे आणून बसवलेली. त्या ओळीवर त्या जेवणघरात तसं काही झालं नव्हतं. पहारेकरी उभे होते. तुरुंगाबद्दल, अधिकाऱ्यांबद्दल काही बोललं गेलं की त्यावर ओरडताना कैदी जपून होते, कारण कॅश संध्याकाळी निघून जाणार आणि ते तिथेच राहणार. कार्यक्रमाची सुरुवातसुद्धा बसवलेलीच होती. निवेदकाने आधीच सांगून ठेवलं होतं की कॅश आला तरी टाळ्या वाजवायच्या नाहीत, त्याने आपलं नाव सांगितलं की मग वाजवायच्या. रेकॉर्डवर ती सुरुवात अगदी उत्स्फूर्त वाटते.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? संकलन तर सगळेच करतात. सुराची चूक सुधारली तर मीही तक्रार करणार नाही. पण इथे जे बदललं, ते ऐकणाऱ्यांचं मत बदललं. बाहेरच्या जगाला जसा कैदी हवा होता, खुनाच्या ओळीवर चेकाळणारा, तसा तो बनवला गेला. प्रत्यक्षात तिथे बसलेला माणूस सावध होता, विचार करत होता, कधी ओरडायचं आणि कधी गप्प राहायचं हे त्याला चांगलं कळत होतं. ती सावधगिरी हीच त्याची दाद होती. आपल्याकडे बैठकीत ‘वाहवा’ कुठल्या जागेवर आली यावरून ऐकणारा किती जाणकार ते ओळखतात. इथे ती जागाच दुसऱ्याने ठरवली.

गंमत अशी, की खरे कैदी त्याच रेकॉर्डवर ऐकू येतात. गाण्यांच्या मध्ये तुरुंगाच्या ध्वनिक्षेपकावरून सूचना होतात आणि कैद्यांना त्यांच्या क्रमांकाने बोलावलं जातं.  आणि शेवटच्या गाण्याआधी उलटं घडतं. हे गाणं ग्लेन शर्ली नावाच्या, तिथल्याच कैद्याने लिहिलं होतं. कॅशला ते आदल्या दिवशीच मिळालं होतं. शर्ली पुढच्या रांगेत बसला होता आणि कॅशने सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं. ज्या जागी माणूस क्रमांकावरून ओळखला जातो, तिथे नाव घेतलं. ही जागा ऐका. इथे कोणी आरोळी चिकटवायची गरज नव्हती.

आता पस्तीस वर्षं पुढे येऊ. डिक्सी चिक्स हा टेक्सासमधला बँड. 2020 पासून त्यांचं नाव नुसतं ‘द चिक्स’ आहे. मार्टी आणि एमिली या दोघी बहिणी, एक फिडल वाजवते, म्हणजे व्हायोलिनच, पण ढब वेगळी, आणि दुसरी बँजो. मुख्य गायिका नॅटली मेन्स. 2002 साली त्यांचा ‘होम’ हा अल्बम आला. मार्च 2003 मध्ये त्यातलं ‘ट्रॅव्हलिन सोल्जर’ हे गाणं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. व्हिएतनामला गेलेला एक तरुण सैनिक आणि त्याची पत्रं जपणारी एक मुलगी, अशी त्याची गोष्ट. तो परत येत नाही.

10 मार्च 2003 रोजी लंडनच्या कार्यक्रमात मेन्स बोलून गेली, की आमचा या युद्धाला विरोध आहे आणि अमेरिकेचे अध्यक्ष टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. इराक युद्ध दहा दिवसांवर होतं. ते वाक्य अमेरिकेत पोहोचलं आणि कंट्री रेडिओ केंद्रांनी बँडची गाणी बंद करायला सुरुवात केली. लुइझियानात त्यांच्या सीडी लोकांसमोर चिरडल्या गेल्या. सैनिकाच्या मरणाचं गाणं यादीतून घसरलं, तेही युद्ध सुरू होत असताना. रेडिओवाल्यांचं म्हणणं एकच होतं, आमच्या श्रोत्यांची मागणी आहे.

हे पूर्ण खोटं नव्हतं, हे मान्य करू. संतापलेले फोन खरे होते. सीडी आणून टाकणाऱ्यांनी त्या कधीतरी विकतच घेतल्या होत्या. रागावलेला चाहता हाही चाहताच. पण ज्यांनी फोन केला नाही, त्यांचं काय? त्यांची मोजदाद रेडिओने कशी केली? त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकी सिनेटच्या एका समितीसमोर हा प्रश्न आला. थोड्या कंपन्यांच्या हाती इतकी केंद्रं असताना, गाणं कोणी बंद केलं? श्रोत्यांनी की मालकांनी?

चाहत्यांनी स्वतः उत्तर द्यायची पहिली संधी आली 1 मे 2003 रोजी. बँडचा अमेरिकेतला दौरा सुरू होणार होता साऊथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलमधून. हे राज्य लष्कराला मानणारं. तिथल्या प्रतिनिधीगृहाने बँडने माफी मागावी असा ठराव केलेला. त्याच रात्री जवळच्या स्पार्टनबर्गमध्ये निषेध म्हणून वेगळा कार्यक्रम ठेवलेला. अशा वातावरणात चौदा हजारांहून जास्त लोक सभागृहात येऊन बसले.

मेन्सने काय केलं? तिने लोकांना सांगितलं, हुर्यो उडवायला आला असाल तर तुमचंही स्वागत आहे, पंधरा सेकंद तुमचे. आणि ती थांबली.

पंधरा सेकंद हा वेळ गाण्याच्या कार्यक्रमात फार मोठा असतो. गायक गप्प, वाद्यं गप्प, रंगमंच मोकळा. त्या वेळात सभागृहातून आला तो जल्लोष.

आता इथे समीक्षक म्हणून जपून बोललं पाहिजे. ही तिकिटं लंडनच्या त्या वाक्याआधीच विकली गेली होती. त्यामुळे सभागृह भरलं एवढ्यावरून लोक बँडच्या बाजूने होते असं सिद्ध होत नाही. पैसे तर गेलेलेच होते. शिवाय सर्वांत चिडलेले लोक दुसरीकडे होते. आणि जल्लोषाचा अर्थ तरी काय घ्यायचा? ‘तुझं म्हणणं पटलं’ असा? ‘म्हणणं पटलं नाही, पण गाणं आमचं आहे’ असा? की ‘आम्ही काय ऐकायचं ते रेडिओने ठरवायचं नाही’ असा? चौदा हजार गळ्यांतून एकच आवाज निघतो तेव्हा ही कारणं वेगळी करता येत नाहीत. जे म्हणतात की त्या रात्री चाहत्यांनी युद्धाविरुद्ध कौल दिला, ते मला फोल्समच्या संकलकासारखे वाटतात. आपल्याला हवा तो अर्थ त्या आवाजावर चिकटवतात.

मग त्या पंधरा सेकंदांचं मोल कशात? माझ्या मते, विचारण्यात. दीड महिना सगळे जण चाहत्यांच्या नावाने बोलत होते. त्या रात्री पहिल्यांदा कोणीतरी गप्प राहून त्यांना विचारलं, आणि विरोधी उत्तर आलं तरी ते ऐकून घ्यायची तयारी ठेवली. फोल्सममध्ये शांततेच्या जागी आरोळी घातली गेली. ग्रीनव्हिलमध्ये आरोळीसाठी शांतता ठेवली गेली. कलाकाराने श्रोत्याचा मान कसा राखावा, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

याचा शेवट गोड झाला असं मात्र समजू नका. जुलैमध्ये डॅलसला, म्हणजे बँडच्या स्वतःच्या गावात, मेन्सला गोळी घालायची धमकी आली. तारीख दिलेली होती, 6 जुलै. तरीही त्या रात्री कार्यक्रम झाला. हे सगळं ‘शट अप अँड सिंग’ या 2006 च्या माहितीपटात आहे. 2006 च्या पुढच्या दौऱ्यात अमेरिकेतल्या बऱ्याच तारखा रद्द कराव्या लागल्या, कारण तिकिटं पुरेशी खपली नाहीत. 2007 मध्ये त्यांना पाच ग्रॅमी मिळाले, पण कंट्री रेडिओशी तुटलेलं नातं त्याने जुळलं नाही. म्हणजे सभागृहातल्या चाहत्यांचा आवाज खरा होता, पण पुरेसा नव्हता. एका रात्रीचा जल्लोष रोजच्या रेडिओला हरवू शकला नाही. हे कडू आहे, पण घडलं ते असं घडलं.

तेव्हा ‘तिथे असायला हवं’ या वाक्याकडे परत येतो. यापुढे कोणी हे वाक्य म्हणालं, तर आवाज कसा होता, दिवे कसे होते हे जरूर विचारा. पण त्याला हेही विचारा, की तू कुठल्या जागेवर ओरडलास? कुठे गप्प राहिलास? शेजारचा ओरडला तेव्हा तुला काय वाटलं? चाहत्याची खरी हकीकत तिथे सापडते. आणि घरी गेल्यावर फोल्समची रेकॉर्ड लावा. ती आरोळी येईल तेव्हा फसू नका. गाण्यांच्या मध्ये क्रमांक पुकारले जातात, ते नीट ऐका.

एवढं बोलून थांबतो. आता प्रश्न घेऊ. ऑनलाइन मंडळींनी कृपया लिहून पाठवावेत.